ऑडिशनच्या दीड पानातून पात्र कसं उभं करता?

तिसरी घंटा

काल रात्री 11 वाजता फोनवर दीड पान आलं. पात्राचं नाव बदललेलं, गोष्टीचा पत्ता नाही, दिग्दर्शक कोण तेही नाही. वर एवढंच लिहिलेलं: वय 35 ते 40, ‘खमकी, पण आतून हळवी’. टेप, म्हणजे घरी फोनवर चित्रित केलेली ऑडिशन, उद्या दुपारी 2 पर्यंत पाठवा. कॅमेऱ्यासमोर काम करणाऱ्या आमच्यापैकी बहुतेकांची भूमिकेशी पहिली ओळख अशीच होते. पूर्ण संहिता हातात पडते ती काम पक्कं झाल्यावर. मालिकेत तर तेव्हाही नाही.

मी 14 वर्षं हे काम करते आहे. मालिका, सिनेमे, वेबसिरीज, जाहिराती. मोठ्या भूमिका मोजक्या, 2-4 सीनच्या पुष्कळ. घर त्यावरच चालतं आणि त्या भूमिका मला मनापासून आवडतात. नवीन मुलं भेटली की पहिलं विचारतात, ‘ताई, कॅमेऱ्यासमोर रडायचं कसं?’ मला वाटतं त्याच्या कितीतरी आधी विचारायला हवं: ही बाई बोलायला लागली तेव्हा तिच्या हातात काय होतं? तिचं कुठलं काम अर्धवट राहिलं?

एकच उदाहरण देते, पण नीट देते.

2023 च्या पावसाळ्यात एसटीतल्या महिला कंडक्टरच्या भूमिकेसाठी बोलावणं आलं. ऑडिशन मुंबईत आरामनगरला, हातात चक्क 3 दिवस. सीन असा: घरातून पळालेला 12-13 वर्षांचा मुलगा बसमध्ये बसलाय, तिकिटाला पैसे नाहीत. ती आधी दरडावते, मग विचारपूस करते. तिच्या 10 ओळी. घरी वाचला तेव्हा मीही कुणीही करेल तेच केलं. कमरेवर हात, चढा आवाज, सातव्या-आठव्या ओळीला गळा दाटलेला. रेकॉर्ड करून पाहिलं. त्यात कंडक्टर कुठेच नव्हती, खाकी घातलेली एक रागीट बाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारगेटला जाऊन भोरची गाडी पकडली. भोरहून परत, पुन्हा भोर, पुन्हा परत. 4 फेऱ्यांत दोन गाड्यांवर कंडक्टर बाई भेटल्या. पहिल्या फेरीत माझी नजर सारखी त्यांच्या चेहऱ्यावर जात होती आणि काही हाती लागत नव्हतं. दुसऱ्या फेरीपासून फक्त हात आणि पाय बघितले.

बाई कंबर सीटच्या दांड्याला टेकवून उभ्या राहतात, म्हणजे दोन्ही हात मोकळे. वळण यायच्या आधी गुडघा वाकलेला असतो, रस्ता पाठ आहे. ‘कुठं?’ विचारताना माणसाकडे बघतच नाहीत. बघतात ते पुढे आलेल्या हाताकडे आणि त्यातल्या नोटेकडे. त्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं होतं, त्यामुळे तोंडात सारखं ‘हाफ ना?’. पंच्याहत्तरीच्या पुढच्या आजोबांनी आधार कार्ड काढेपर्यंत मागच्या दोघांची तिकिटं झालेली. सुट्टे नसले की बुचड्यात खोचलेलं पेन काढून तिकिटामागं बाकी लिहायची. ‘मागं लिहिलंय, उतरताना मागून घ्या.’ गाडी थांबवायला एक घंटी, सोडायला दोन.

परतीच्या फेरीला गाडी रिकामी होती, तेव्हा त्यांच्याशी बोलले. हिशेबात पैसे कमी आले तर स्वतःच्या खिशातून भरायचे. तपासणी पथक चढलं आणि विनातिकीट माणूस सापडला तर जाब त्यांना द्यावा लागतो. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. ‘खमकी’ हा तिचा स्वभाव नाहीच, तो तिचा हिशेब आहे. फुकट बसलेला मुलगा तिच्या डोळ्यांत आधी धोका आहे आणि मग मुलगा.

ऑडिशनला मी खांद्याला आडवी पर्स लावली आणि केसांत पेन खोचलं, बस्स. कास्टिंगमधला मुलगा क्यू देत होता, म्हणजे समोरच्या पात्राच्या ओळी वाचत होता. पहिल्या चार ओळी मी त्याच्याकडे बघितलंच नाही. माझी नजर जिथे त्याचा हात पुढे यायला हवा तिथे. हात आला की त्यात नोट असते, ही तिची कित्येक वर्षांची सवय. हात आलाच नाही. म्हणून तिनं मान वर केली आणि पहिल्यांदा तो मुलगा तिला दिसला. ते ‘कुणाचा रे तू?’ माझ्या तोंडून कसं गेलं हे मला आजही सांगता येणार नाही, मी ते बसवलेलं नव्हतं. शेवटी कागदावर होतं ‘तिचे डोळे भरून येतात’. मी तिकीट फाडलं, मागं पेनानं काहीतरी लिहिलं, त्याच्या खिशात कोंबलं आणि वर हात करून दोनदा दोरी ओढली. क्यू देणाऱ्यानं कॅमेरा बंद केल्यावर विचारलं, ‘मागे काय लिहिलंत?’ मी म्हटलं, ‘माझा फोन नंबर.’

काम मिळालं. 3 दिवस शूटिंग, 4 सीन, एक संकलनात गेला.

यात मी त्या बाईंची नक्कल केलेली नाही. त्यांचा आवाज, त्यांची बोलण्याची लकब काहीच घेतलं नाही. घेतलं ते त्यांचं काम. ते हाताला लागल्यावर नजर कुठे ठेवायची, थांबायचं कुठे, हे वेगळं ठरवावं लागलं नाही.

रोजच्या टेपला 3 दिवस मिळत नाहीत हे मान्य. 3 तास मिळाले तरी मी सीन तीनदा सपाट वाचते, विशेषणं खोडते आणि स्वयंपाकघरात उभी राहून ओळी म्हणत काहीतरी खरं काम करते, भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, जे पात्राच्या जवळचं असेल ते. ओळी कामात मिसळल्या की मगच फोन स्टँडला लावते.

तुम्ही कसं करता? आणि दोनच ओळी असतील तेव्हा काय करता?

---

पडद्यामागचा

ताई, मी कास्टिंगच्या बाजूनं लिहितो. 6 वर्षं एका ऑफिसात सहायक आहे, क्यू देणारा मुलगा तो मीच, म्हणजे माझ्यासारखा कुणीतरी.

एका छोट्या भूमिकेला कधी कधी 200 टेप येतात. सगळ्या बघतो, हे शपथेवर सांगतो, पण सगळ्या शेवटपर्यंत बघणं होत नाही. पहिल्या 10-15 सेकंदांत समजतं ते अभिनय चांगला की वाईट हे नव्हे. माणूस ऐकतोय की स्वतःच्या ओळीची वाट बघतोय, ते समजतं. समोरच्याचा क्यू चालू असताना चेहरा बंद दुकानासारखा आणि स्वतःची ओळ आली की शटर वर, अशा टेपा निम्म्याहून जास्त. तुमच्या कंडक्टरबाईचा हात रिकामा आला म्हणून तिनं वर बघितलं, हे ऐकणंच आहे, कानानं नाही तर डोळ्यानं.

तांत्रिक गोष्टी एका दमात सांगून टाकतो, कारण यात चांगली माणसं मार खातात. फोन आडवा. पाठीमागे साधी भिंत. उजेड समोरून, खिडकी पाठीला नको. क्यू देणारा माणूस कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, म्हणजे दोन्ही डोळे दिसतात. त्याचा आवाज तुमच्यापेक्षा मोठा नको. इंट्रोत नाव, उंची, राहता कुठे, भाषा कुठल्या येतात, तारखा मोकळ्या आहेत का, मग डावा-उजवा प्रोफाइल. इंट्रोत पात्राचा आवाज काढू नका, तिथे तुम्ही कोण आहात ते बघायचं असतं.

आणि नकाराबद्दल. ‘नॉट फिट’ हे दोन शब्द मी रोज लिहितो, दर वेळी माझ्या पोटात तुटतं. त्यातले बरेचसे नकार अभिनयाचे नसतातच. नायिकेची बहीण हवी असते, नाक-डोळे जुळत नाहीत. नायकापेक्षा उंची जास्त होते. वडील म्हणून ज्यांना घेतलंय त्यांच्या वयाशी गणित बसत नाही. तारखा अडतात. चॅनलला दुसरा चेहरा हवा असतो. ज्याची टेप आवडते त्याचं नाव आम्ही बाजूला लिहून ठेवतो. वर्षानं, दीड वर्षानं दुसऱ्याच कामाला बोलावतो आणि त्या माणसाला ठाऊकही नसतं की जुन्या टेपेमुळे फोन आला.

---

मांजराकाठ

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातला, वय 24. युवक महोत्सवात मूकनाट्य, एकांकिका केल्या, राज्य नाट्य स्पर्धेत दोन वर्षं काम केलं. 7 महिन्यांपासून पुण्यात आहे, कॉट बेसिसवर राहतो, सकाळी एका गोडाऊनला काम करतो आणि टेपा पाठवतो. आतापर्यंत 31 पाठवल्या.

दोन अडचणी आहेत. एक, माझं बोलणं. एका ठिकाणी ऑडिशनला समोरच्यांनी सीन अर्ध्यात थांबवून सांगितलं, ‘आधी मराठी शुद्ध करून या.’ तेव्हापासून तोंड उघडताना आधी जीभ तपासतो आणि मग ओळ जाते. घरी आईशी फोनवर ‘काय करायलीस’ म्हणतो तेव्हा मी सगळा असतो. कॅमेऱ्यासमोर ‘काय करते आहेस’ म्हटलं की निम्माच उरतो.

दुसरी अडचण, आता एक टेप मागितलीय. सावकाराचा माणूस, वसुलीला शेतकऱ्याच्या दारात येतो. ओळी दोनच: ‘दादा घरात हायेत का?’ आणि ‘बसतो मी, येऊ द्या त्यान्ला.’ वर लिहिलंय ‘थंड, क्रूर’. मी थंड आणि क्रूर कसं दिसू? आरशात बघून करतोय तर हसू येतंय.

---

तिसरी घंटा

आधी बोलीचं बोलूया, तिथं तुम्हाला लागलंय हे दिसतंय.

तुमची बोली ही खोड नाही. ती तुमची कमाई आहे. पण तिच्या जोडीला प्रमाण मराठीही जिभेवर हवी, कारण उद्या वकील, डॉक्टर, निवेदक कराल. रोज अर्धा तास वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्यानं वाचा, ण-न, श-ष-स, ळ नीट ऐकू येईल असा. ही जिभेची तालीम, स्वतःला दुरुस्त करायला नव्हे. टेप करताना मात्र जीभ तपासायची नाही, तो हिशेब सकाळी झालेला असला पाहिजे. आणि सीन ग्रामीण असेल तर कास्टिंगला आधी विचारून घ्या, गाव कुठलं धरलंय. कोल्हापूर, वऱ्हाड आणि लातूर एकाच हेलात बोलत नाहीत. लेखकानं ‘हायेत’ लिहिलं म्हणजे त्यानं बोली लिहिली असं नाही, पुष्कळदा ती सगळीकडची आणि कुठलीच नसलेली ग्रामीण असते. तिथं तुमचा कान कामाला येतो.

आता सावकाराचा माणूस. थंड आणि क्रूर हे बघणाऱ्याला वाटतं. त्याला स्वतःला तो तसा वाटत नाही. मी विचारते त्याच प्रश्नाचं उत्तर द्या: तो इथं यायच्या आधी काय करत होता? आजची ही कितवी वसुली? इथून पुढं कुठं जायचंय?

---

मांजराकाठ

चौथी. उन्हाचा गाडीवर आलाय. पुढं अजून दोन घरं. सावकाराला संध्याकाळी आकडा सांगायचाय.

---

तिसरी घंटा

मग तो दमलाय, तहानलाय. दारात उभा राहून ‘दादा घरात हायेत का?’ विचारतो तेव्हा त्याची नजर कुठं जाते?

---

मांजराकाठ

पाण्याच्या माठाकडं.

---

तिसरी घंटा

हे. हेच घेऊन करा. पाणी मागत नाही, फक्त बघतो. आणि ‘बसतो मी’ म्हणताना खरंच बसा, पायातलं काढून, पायरीवर, सावली बघून. क्रूरपणा तुम्हाला दाखवावा लागणारच नाही. ज्या घरात पैसा नाही तिथं माणूस इतका निवांत बसतोय, तो बघणाऱ्याला आपोआप थंड वाटेल.

---

जुना प्रेक्षक

मी अभिनेता नाही, 70 वर्षांचा प्रेक्षक आहे. हे शेवटचं वाचलं आणि ‘सामना’तले निळूभाऊ डोळ्यांसमोर आले. हिंदुराव धोंडे पाटील हा केवढा सत्तेचा माणूस, पण निळू फुले आवाज वर नेतच नाहीत. तो जाडसर, बसका आवाज खालच्या पट्टीत आणि समोर डॉ. लागूंचा मास्तर अस्वस्थ होत जातो. हा माणूस आला लोकनाट्यातून, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ गाजवून. मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायची सवय असलेल्या नटानं पडद्यावर इतकं खाली यावं याचं मला आजही नवल वाटतं. नट होण्याआधी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केलं होतं. हातानं काम केलेला माणूस होता, तुमचा मुद्दा तिथंही लागू पडतो.

पण एक शंका आहे, मनापासून विचारतो. ‘फँड्री’त सोमनाथ अवघडे, ‘सैराट’मध्ये रिंकू राजगुरू, ‘कोर्ट’मध्ये वीरा साथीदार. यांपैकी कुणीही धंदेवाईक नट नव्हतं. सोमनाथला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, रिंकूची राष्ट्रीय पुरस्कारात विशेष दखल घेतली गेली. साथीदार तर नागपूरचे, आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते. त्यांनी उभा केलेला लोकशाहीर नारायण कांबळे मी विसरू शकत नाही. मग तुमच्या या सगळ्या तयारीची खरंच गरज आहे का? खरा माणूसच आणून उभा केला तर?

---

दौऱ्यावरचा

आजोबा, फार चांगला प्रश्न. मी नाटकवाला, 9 वर्षं दौरे केले, आता कॅमेऱ्यासमोरही काम करतो.

‘कोर्ट’चंच उदाहरण घेऊ. त्याच सिनेमात सरकारी वकील गीतांजली कुलकर्णी आहेत, त्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या अभिनेत्री. बघणाऱ्याला साथीदार आणि त्या यांच्यात शिकलेलं-न शिकलेलं असा फरक दिसतो का? मला दिसला नाही. ती वकील कलमं वाचते ती कशी, लांबलचक इंग्रजी मजकूर एका सुरात, यादी वाचावी तसा. त्यात दुष्टपणा नाही, रोजचं काम आहे. मग ती लोकलनं घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, घरच्यांबरोबर नाटकाला जाते. एका माणसाचं आयुष्य ज्या सहजतेनं तिनं कोर्टात वाचून दाखवलं, त्याच सहजतेनं ती पोरांना वाढते. कॅमेरा बहुतेक वेळ लांब, स्थिर. क्लोजअपचा आधार नाही, सगळं अंगानं करायचं. ही तयारीशिवाय होणारी गोष्ट नाही.

साथीदारांच्या शाहिरामागे त्यांचं चळवळीतलं सगळं आयुष्य होतं. तीही तयारीच, फक्त सिनेमासाठी केलेली नव्हती. आम्हा पोटासाठी काम करणाऱ्यांना आज सावकाराचा माणूस, उद्या होमिओपॅथीचा डॉक्टर, परवा पुजारी. इतकी आयुष्यं जगलेला माणूस कुठून आणणार? म्हणून उसनं घ्यावं लागतं आणि प्रामाणिकपणे घ्यावं लागतं.

नाटकातून येणाऱ्यांसाठी थोडं. आम्हाला सांगतात ‘कमी करा’. हा सल्ला मला बरीच वर्षं चुकीच्या दिशेला घेऊन गेला. मी सगळंच कमी केलं, आवाज, हालचाल आणि त्याबरोबर आतलंही, आणि पडद्यावर झोपेतला माणूस दिसायला लागलो. एका कॅमेरामननं एकदा मॉनिटर, म्हणजे टेकआधीची तालीम, झाल्यावर जवळ येऊन सांगितलं, ‘तू अजून बाल्कनीशी बोलतोस. समोरच्या बाईशी बोल, ती 2 फुटांवर आहे.’ तेव्हा उमजलं. भावना तेवढीच ठेवायची, अंतर बदलायचं. शिवाजी मंदिरात शेवटच्या रांगेतल्या काकांना सांगायचं ते इथं समोरच्याच्या कानात सांगायचं. कानात सांगतानाही माणूस संतापलेला असू शकतो.

---

घोडबंदरवाली

मी मालिकेतली. आमच्याकडे हे सगळं उलटं चालतं म्हणून लिहिते.

9 चा कॉल टाइम, मेकअपला बसले की सीन फोनवर येतो. कधी छापील प्रत सेटवर, शाई ओली. दिवसाला 5-6 सीन, 12-13 तास, नाटकासारखी तालीम नाही, एक मॉनिटर आणि टेक. आज मी जे बोलते त्याचं कारण 40 भागांनंतर लेखकालाच सापडणार असतं. मी जिला जीव लावून मोठी केली ती जाऊ एका सोमवारी, ट्रॅक बदलला म्हणून, दागिने चोरते. आदल्या शनिवारी ती देवघरात दिवा लावत होती.

पहिल्या मालिकेत मी यावर फार भांडले, रडलेसुद्धा. ‘माझी वृंदा असं करणारच नाही.’ आता भांडत नाही, पण सोडूनही देत नाही. मी पात्राची एक गोष्ट अशी धरते जी कुठलाच ट्रॅक माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. वृंदाची होती किल्ल्यांची. ती घरातली मधली सून, तिजोरीच्या किल्ल्या सासूकडे. म्हणून ती स्वतःच्या कपाटाची एकुलती एक किल्ली सतत कमरेला लावून असते. हे कुणी लिहिलं नव्हतं. ड्रेसदादांकडे मागून घेतली आणि पहिल्या दिवसापासून खोचली. दिवा लावतानाही ती किल्ली होती, दागिने चोरतानाही होती. चोरीच्या सीनला मी फक्त एवढंच केलं, की आधी स्वतःच्या किल्लीवर हात ठेवला, मग तिजोरीकडे गेले. लोकांनी मला नंतर सांगितलं, ‘तुम्ही चोरी केलीत तेव्हा वाईट वाटलं हो.’ लेखकानं पुढच्या महिन्यात त्या किल्लीवर एक अख्खा भाग लिहिला.

अजून एक, नव्यांसाठी. क्लोज लागतो तेव्हा समोरच्याला फक्त सजेशनला उभं राहायचं असतं, खांदा दिसेल एवढंच. तेव्हा पुष्कळजण फोन काढतात किंवा ओळी सपाट फेकतात. तसं करू नका. समोरच्याच्या क्लोजला तुम्ही पूर्ण काम करा. तुमच्या क्लोजला तो करेल. नाही केलं तरी तुम्ही करा.

---

समेवर

वाचायला छान वाटतं, पण मला थोडं कडू बोलायचंय. 11 वर्षं झाली. मी डेपोत गेलो, बाजारात बसलो, महिनाभर एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकलो एका भूमिकेसाठी. ती गेली एका अशा मुलाकडे ज्याच्या मागे सोशल मीडियावर फॉलोअर्स होते. ‘नटरंग’साठी अतुल कुलकर्णींनी आधी पैलवानाचं शरीर कमावलं आणि मग त्याच सिनेमात नाच्यासाठी ते उतरवलं, बघून अंगावर काटा येतो. पण त्या मेहनतीला मुख्य भूमिकेचा भरवसा होता. आम्ही ऑडिशनसाठी मेहनत करतो, जी कुणी बघेलच असं नाही. एका निर्मात्यानं तर केलेल्या कामाचेही पैसे 14 महिने दिले नाहीत. नवीन मुलांना हेही सांगा.

---

तिसरी घंटा

सांगायलाच हवं, आणि तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. माझेही एका ठिकाणी अडकले होते, दीड वर्ष फोन केले. काम सुरू व्हायच्या आधी रक्कम, दिवस आणि पैसे किती दिवसांत मिळतील हे लेखी घ्या, साधा मेल असला तरी चालेल. आणि ऑडिशनसाठी, ‘कार्ड’साठी, नाव नोंदवण्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठून या, तो कास्टिंगवाला नाही.

वेल्डिंगचं मात्र मला वेगळं वाटतं. ती भूमिका गेली, हे दुःख मी कमी करत नाही. पण एक विचारू? आजही रस्त्यात वेल्डिंग चाललेलं दिसलं तर तुम्ही काय बघता?

---

समेवर

त्याची मान बघतो. ठिणगी पडायच्या आधी तो झटका देऊन काच डोळ्यांवर पाडतो, दोन्ही हात गुंतलेले असतात म्हणून. मला ते जमायला 9 दिवस लागले.

---

पडद्यामागचा

समेवर दादा, फॉलोअर्सचा आकडा विचारला जातो, मी नाकारणार नाही. मी स्वतः तो रकाना भरून दिलाय आणि त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. मोठ्या भूमिकांत ते जास्त चालतं. 2-4 सीनच्या भूमिकांत अजूनही दिग्दर्शक विचारतो, ‘खरा वाटणारा कोण आहे?’ तुमची ती वेल्डिंगची टेप अजून असेल तर ठेवा. मानेचा झटका आहे ना त्यात?

---

समेवर

आहे.

---

मांजराकाठ

टेप पाठवली होती, उत्तर आलं. सावकाराच्या माणसाला घेतलं नाही. दुसऱ्या कुणाला तरी आधीच लॉक केलं होतं म्हणाले. पण त्याच ऑफिसातून काल फोन आला, पायरीवर बसलेला मुलगा तूच ना, म्हणून. सोसायटीचा वॉचमन आहे, 2 सीन, एका दिवसाचं काम, थेट घेतायत. बोली लातूरचीच ठेव म्हणाले, मुद्दाम.

आईला फोन केला तर तिनं आधी विचारलं, रात्रपाळीचा का दिवसपाळीचा? मी विचारलंच नव्हतं. आज विचारून घेतलं, रात्रपाळीचा आहे.

सीनमध्ये तो एका बाईला आत सोडत नाही, रजिस्टरमध्ये लिहा म्हणतो. ती घाईत आहे. मी आजपर्यंत सोसायटीत राहिलो नाही. त्या रजिस्टरमध्ये काय काय लिहायला लावतात?

---

जुना प्रेक्षक

आत्ता खाली जाऊन बघून आलो. आमच्याकडे तारीख, नाव, कुठून आलात, कोणाकडे, फ्लॅट नंबर, गाडी नंबर, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, सही. पेन दोरीनं टेबलाच्या पायाला बांधलेलं आहे आणि दोरी आखूड आहे, त्यामुळे लिहिणाऱ्याला वाकावं लागतं. बाहेर गेल्याची वेळ कुणीच लिहीत नाही. तो रकाना पहाटे वॉचमन स्वतः भरतो, अंदाजानं.

---

मांजराकाठ

आखूड दोरी. आभारी आहे आजोबा. शूटिंगला जाताना एक दोरी घेऊन जातो.